व्हिसा मिळाला म्हणजे विमाही लागू होतो?

‘व्हिसा मिळाला, विमा काढला, आता युद्ध चालू असलेल्या देशात गेलं तरी सगळा खर्च विमा कंपनी देते,’ असा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो आला होता.

गैरसमज होणं स्वाभाविक आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, त्यामुळे व्हिसा आणि विमा ही एकच गोष्ट वाटते. पण व्हिसा म्हणजे त्या देशात प्रवेशासाठी मिळालेली परवानगी. तिथे सुरक्षित राहाल, याची हमी त्यात नसते.

विमा हा वेगळा करार. हातात येतं ते एक-दोन पानी प्रमाणपत्र. खऱ्या अटी पॉलिसी वर्डिंगच्या लांबलचक पीडीएफमध्ये असतात. ती उघडा आणि ‘एक्स्क्लूजन्स’, म्हणजे विम्यातून वगळलेल्या गोष्टी, शोधा. बहुतेक पॉलिसींत तिथे युद्ध (जाहीर झालेलं असो वा नसो), आक्रमण, यादवी, बंड असे शब्द एका ओळीत सापडतात. म्हणजे तापाने दवाखान्यात गेलात तर खर्च मिळू शकतो, क्षेपणास्त्राने जखमी झालात तर बहुधा नाही. काही पॉलिसी सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या देशाला मुळातच वगळतात, म्हणून तिकिटाआधी सरकारी प्रवास-सूचना बघाच.

एजंटच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर कृपा करून थांबू नका. देशाचं नाव आणि तारखा लिहून कंपनीला ईमेल करा, लेखी उत्तर मागा. युद्धजोखमीचा वेगळा विमा असतो. तो महाग पडतो आणि मुद्दाम मागावा लागतो.