फिरायला निघताना खिशात साखर ठेवा
(आमच्या मधुमेही ग्राहकांसाठी)

आमचं मेडिकल सकाळी उघडतं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं बहुतेक अंबाझरी तलावाचा फेरा मारून परतणारी असतात. एकदा एक काका आले ते काउंटरला धरूनच उभे राहिले. शर्ट घामाने चिंब, बोटं थरथरत होती. "भाऊ, चक्कर येऊन राहिली." मीटर लावलं तर शुगर ५८, म्हणजे फारच उतरलेली. गोळी घेतली होती, पण नाश्ता परतीच्या तर्री-पोह्यांसाठी राखून ठेवला होता.

चूक चालण्यात नव्हती. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालावं, सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये, हे खरंच आहे. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन पोट रिकामं आहे की भरलेलं, हे बघत नाहीत. त्या शुगर उतरवतात, वरून चालताना स्नायूही ती ओढतात. नुसत्या मेटफॉर्मिनने असं क्वचितच होतं. मात्र बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

अशी औषधं चालू असतील तर निघण्याआधी शुगर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असेल आणि शुगर २५० च्या वर, तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) तपासा. ते आढळले तर व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करा. आणि तपासण्याआधी हात धुवा. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण संत्रं सोललेल्या बोटाचा रस रक्तात मिसळला की मीटर खोटा, चढा आकडा दाखवतं.

वाटेत घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर "घर जवळच आहे" म्हणत चालू नका. बसा. तीन चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढंच परत घ्या. चॉकलेट आम्हीही विकतो, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. डाएट कोल्ड्रिंकचा तर काहीच उपयोग नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. ब्लड प्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांना धडधड जाणवेलच असं नाही, त्यांनी घामावर लक्ष ठेवावं. जास्त चालणं झालं तर शुगर रात्रीही उतरू शकते.

मे महिन्यात उन्हं चढायच्या आत परत या. इन्सुलिन, मीटरच्या स्ट्रिप गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेने दोन्ही खराब होतात. पायांना बधिरपणा असेल तर देवळाच्या तापलेल्या फरशीवरही अनवाणी नको. चटका कळत नाही, फोड मात्र येतो. घरी आल्यावर तळवे आरशात बघा. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर जड वजन उचलणं आणि शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

तुमची गोळी कोणत्या प्रकारची, हे कळत नसेल तर पाकीट घेऊन काउंटरवर या, आम्ही वाचून सांगू. डोस कमी-जास्त करायचा तर ते डॉक्टरच ठरवतील.