फॉरमॅट मारल्यावर फोटो नक्की कुठे जातात?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून नातेवाइकांचे फोन चालू आहेत. परवा मावसभाऊ म्हणाला, "सरळ फॉरमॅट मारून विंडोज अकरा टाकतो, काही राहिलंच तर नंतर सॉफ्टवेअरने रिकव्हर करू." जुन्या हार्ड डिस्कवर हे बरंचसं चालून जायचं, पण त्याच्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह आहे आणि तिथे हा भरवसा अजिबात ठेवू नका.

हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरची नावं खोडण्यासारखं, शेतातलं पीक उभंच असतं. त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअर ते शोधून काढू शकतं.

एसएसडीचं गणित वेगळं, आणि मला ते फार आवडतं. तिथे डेटा म्हणजे बारीक बारीक सेलमध्ये अडकवलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना एकेक पेज लिहिता येतं, साधारण ४ ते १६ केबीचं, पण लिहिलेल्या पेजवर परत लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं आणि पुसायचं तर शेकडो पेजेसचा अख्खा ब्लॉक एकदम. म्हणून कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार बघणारी चिप, नवीन डेटा दुसऱ्या रिकाम्या पेजवर टाकतो आणि कुठलं काय कुठे आहे याचा नकाशा स्वतःकडे ठेवतो. पण त्याला फाइल वगैरे काही कळत नाही, तुम्ही डिलीट केलेलं पेजसुद्धा तो कामाचं समजून जपत बसेल. त्यासाठी ट्रिम नावाची कमांड आहे, विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आली. फॉरमॅट मारला की विंडोज ड्राइव्हला कळवतं, या पार्टिशनमधलं (ड्राइव्हच्या या भागातलं) काहीच नको. कंट्रोलर नकाशातून त्या नोंदी काढतो आणि सवडीने ब्लॉक पुसतो. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने विचारलं तर बहुतेकदा नुसती शून्यं मिळतात.

दरवर्षी फॉरमॅट मारलाच पाहिजे हा समज मात्र सोडा. मशीन बऱ्याचदा रॅम कमी, ड्राइव्ह गच्च आणि चालू होतानाच सुरू होणारे दहा प्रोग्राम यामुळे स्लो होतं. आणि अमावस्येला फॉरमॅट नको म्हणणारेही भेटलेत मला, त्याला काडीचाही आधार नाही.

तर आधी मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे का ते बघा, नसेल तर अकरा अधिकृतपणे चालत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि वायफायचा ड्रायव्हर तयार ठेवा. डी ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या सोयीने, लॉक असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर नवीन विंडोजमधून डी ड्राइव्ह उघडणार नाही. दुसरी डिस्क असेल तर इन्स्टॉल करताना तिची केबल काढून ठेवा, पार्टिशनच्या त्या यादीत चुकीच्या ओळीवर क्लिक व्हायला वेळ लागत नाही.

मावसभावाला वाटत होतं त्याचं सगळं डी ड्राइव्हवर आहे. बघितलं तर आजीचे सगळे फोटो डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवरच. आता ते एक्सटर्नल डिस्कवर कॉपी होतायत, मग माझ्या लॅपटॉपवर उघडून बघू आणि त्यानंतरच फॉरमॅट.