शेपूट पडलं, पण मोडलं नाही

रविवारी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावात तासभर मनसोक्त पोहलेला लॅब्राडोर सोमवारी सकाळी उठतो, तो शेपूट लोंबकळत. बुडख्यापासून तीन-चार बोटं आडवं आणि पुढे ओल्या दोरीसारखं खाली. बसताना कण्हतो, तिथे हात लावू देत नाही. मग काल दार कुणी आपटलं, याची घरात चौकशी सुरू होते. बहुतेक वेळा दार निर्दोष असतं.

कुत्र्याच्या शेपटीत साधारण २० छोटे मणके असतात आणि त्यांना हलवणारे स्नायू बुडख्याशी एकवटलेले असतात. पोहताना शेपूट सुकाणूचं काम करतं. सवय नसताना हे काम फार वेळ चाललं, की बुडख्याजवळचे स्नायू दुखावतात, सुजतात आणि शेपटीचं वजन उचलेनासे होतात. पशुवैद्यक याला ‘लिंबर टेल’ किंवा ‘कोल्ड टेल’ म्हणतात. एक्स-रेमध्ये काहीच सापडत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त तपासलं, तर क्रिएटिन कायनेज हे स्नायूंमधलं एन्झाइम थोडं वाढलेलं दिसू शकतं.

एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लॅब्राडोरचा अभ्यास केला, तेव्हा पोहण्याशी आणि थंड भागात राहण्याशी या दुखण्याचा संबंध दिसला. ४२ अंशांच्या सोलापुरात ‘कोल्ड टेल’ म्हणजे थट्टाच वाटेल. पण थंडी हे एकच निमित्त नाही. आठवडाभर अंगणात लोळणाऱ्या कुत्र्याला अचानक दोन तास पळवलं, किंवा पुण्याहून अडीचशे किलोमीटर अरुंद पिंजऱ्यात कोंबून आणलं, तरी हेच होतं. डिसेंबरातल्या पहाटे नळाला पाणी आलंय म्हणून तेव्हाच उरकलेली आंघोळही पुरते.

पण प्रत्येक पडलेलं शेपूट म्हणजे लिंबर टेल नव्हे. दुखतंय कुठे, ते आधी बघा. शेपटीच्या मध्यावर एकाच जागी सूज किंवा बाक असेल, तर मणका मोडलेला असू शकतो. बूड जमिनीवर घासत चालणं, मागे सतत चाटणं आणि सडक्या मासळीसारखा वास, हे गुदग्रंथी तुंबल्याचं लक्षण. या ग्रंथी गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी असतात. वयस्कर जर्मन शेफर्ड जिना चढायला कुरकुरत असेल, मागच्या पायाची नखं फरशीवर घासत असेल, तर दुखणं कमरेतल्या नसांचं असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात दाट केस बाजूला सारून बुडख्याची कातडी बघाच, तिथल्या जखमेत अळ्या पडलेल्या वरून कळत नाहीत.

सगळ्यात गंभीर म्हणजे शेपूट जोरात ओढलं गेल्याने किंवा गाडीखाली आल्याने नसा ताणल्या जाणं. लघवी तुंबली, नकळत गळू लागली किंवा शी आवरेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साध्या लिंबर टेलला मुख्य औषध विश्रांती. चार-पाच दिवस उड्या, धावणं, चेंडू बंद. शी-शूपुरतं पट्ट्यावर बाहेर. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने बुडखा दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं शेकावा. फडकं आधी आपल्या मनगटाला लावून बघावं. दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो, शेपूट पूर्ववत व्हायला फार तर दोन आठवडे. तिसऱ्या दिवशीही तसूभर फरक नसेल, तर दुसरं कारण शोधायला हवं.

घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृत बिघडवतं. डॉक्टर देतात ते मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन कुत्र्याच्या वजनावर ठरतं, आणि तेही पोटात अन्न असताना द्यायचं.

काही कुत्र्यांना हे पुन्हा होतं. म्हणून बरं झाल्यावर पहिल्यांदा पाण्यात दहाच मिनिटं, पुढे हळूहळू वाढवत. बाहेर आल्यावर शेपटीचा बुडखा आधी कोरडा करायचा, पाठ नंतर. सोलापुरात टॉवेलला काही तोटा नाही.