मसूर, काजू आणि एक ताणलेला दोरा

स्वयंपाकघरातल्या डब्यांतून अख्ख्या मसुराचा एक दाणा आणि एक काजू काढून शेजारी ठेवा. आता काजूच्या दोन टोकांमध्ये मनातल्या मनात एक दोरा ताणा. तो काजूतून जात नाही, मधल्या बाकावरून हवेतून जातो. मसुराच्या दाण्यात मात्र कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारा दोरा दाण्याच्या आतच राहतो. अशा आकाराला गणितात बहिर्वक्र म्हणतात. व्याख्या एवढीच.

शाळेत हा शब्द बहिर्वक्र चौकोनापुरता भेटतो, त्याचा भाऊ बहिर्गोल भिंगापुरता, आणि दोन्हीकडे ‘बाहेर फुगलेला’ एवढ्यावर काम भागतं. मला फुगवट्यापेक्षा दोरा जास्त भरवशाचा वाटतो. फुगवटा काय, काजूलाही एका बाजूने असतोच. आणि मसूर मी उगाच निवडला नाही: ‘लेन्स’ हा शब्द मुळात मसुराच्या लॅटिन नावावरून आला आहे.

हाच मसूर डॉक्टरांना सीटी स्कॅनवर भेटतो आणि तेव्हा धावपळ सुरू होते. मेंदूभोवती ड्युरा नावाचं एक चिवट आवरण असतं. ते कवटीला आतून चिकटलेलं असतं आणि कवटीची हाडं जिथे एकमेकांत सांधलेली असतात तिथे तर अगदी घट्ट. अपघातात कानशिलाजवळचं हाड मोडलं आणि त्यामागची धमनी फाटली, की रक्त कवटी आणि ड्युरा यांच्या मधे साठायला लागतं. धमनीच्या रक्ताला जोर भरपूर, पण बाजूला पसरायला वाट नाही, कारण सांध्यापाशी ड्युरा हाड सोडत नाही. मग ते आतल्या अंगाला, मेंदूकडे फुगतं. बाहेरची कड कवटीच्या गोलाईची, आतली कड मेंदूत शिरलेली. पडद्यावर पांढराशुभ्र मसुराचा दाणा दिसतो.

रक्त ड्युराच्या खाली साठलं तर चित्र बदलतं. तिथे सांध्यांचं कुंपण नसतं. फाटलेल्या शिरांमधून आलेलं रक्त मेंदूच्या अंगाअंगाने पातळ पसरतं आणि स्कॅनवर चंद्रकोर उमटते. चंद्रकोरीच्या दोन टोकांत दोरा ताणला तर तो बाहेर, थेट मेंदूतून जाईल. म्हातारपणी ही चंद्रकोर किरकोळ धक्क्यानेही होते आणि कधीकधी काही आठवड्यांनी लक्षात येते. मसुराचं उलट. माणूस अपघातानंतर उठून बसतो, बोलतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. स्कॅन बघणारा डॉक्टर अर्थातच दोरा ताणत बसत नाही, त्याचा सरावलेला डोळाच ते काम करतो.

शरीरशास्त्रातली एक गंमत इथेच सांगून टाकतो. मेंदूच्या वरच्या, बाहेरच्या गोल पृष्ठभागाला न्यूरोसर्जन ‘कन्व्हेक्सिटी’, म्हणजे बहिर्वक्रता, म्हणतात. तिथल्या आवरणातून उगवणाऱ्या गाठीचं नावच ‘कन्व्हेक्सिटी मेनिन्जिओमा’. पण दोऱ्याच्या कसोटीवर मेंदूइतका नापास होणारा अवयव शोधून सापडणार नाही, जागोजागी घड्या आणि खाचा. एक रेघ घड्यांच्या माथ्यांवरून नेली आणि दुसरी प्रत्येक खाचेत उतरवत नेली, तर माणसाच्या मेंदूत दुसरी पहिलीच्या सुमारे अडीचपट भरते. किती घड्या पडल्या हे मोजण्याचं मापच या गुणोत्तरावर बेतलं आहे.

दोऱ्याचा सगळ्यात सुंदर उपयोग मला दिसतो तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका कामात. विल्यम वोल्बर्ग हे तिथले सर्जन. स्तनातल्या गाठीतून सुईने पेशी काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि गाठ साधी की कॅन्सरची ते सांगायचं, हे रोजचं काम. गणिताच्या बाजूने त्यांच्यासोबत होते बगदादमध्ये जन्मलेले ओल्वी मंगासेरियन आणि निक स्ट्रीट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पेशीकेंद्रकांच्या कडा संगणकाकडून आखून घेतल्या आणि प्रत्येक केंद्रकाचे दहा गुण मोजले. त्यांतले दोन गुण दबक्यांचे: कड किती खोल आत गेली आहे आणि किती ठिकाणी. मोजायची रीत आपलीच. कडेवरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडायचे आणि कड त्या रेषेच्या आत किती दबली ते पाहायचं. साध्या गाठीतली केंद्रकं बहुतेक मसुरासारखी गुळगुळीत, कॅन्सरमधली बरीचशी वेडीवाकडी, खड्डे पडलेली.

त्यांनी जमवलेल्या ५६९ नमुन्यांत ३५७ साधे होते आणि २१२ कॅन्सरचे. गुणांच्या आकड्यांवरून प्रत्येक नमुना एक बिंदू म्हणून मांडला, तर या दोन घोळक्यांच्या मधून एक सपाट पत्रा घालता येईल का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे बहिर्वक्रता दुसऱ्यांदा येते. पाटावर ठोकलेल्या खिळ्यांभोवती रबरबँड सोडला की जो आकार होतो, तो त्या खिळ्यांना सामावून घेणारा सर्वांत लहान बहिर्वक्र आकार. दोन घोळक्यांचे रबरबँड एकमेकांना शिवले नाहीत तर मधून सरळ रेषा हमखास जाते. खरे नमुने एवढे शहाणे नसतात, रबरबँड एकमेकांत शिरतात. मग कमीत कमी चूक होईल असा पत्रा शोधायचा. ही चूक मोजणारा आलेख वाटीसारखा ठेवता येतो आणि वाटीत सोडलेली गोटी कुठूनही तळालाच जाते, मधल्या खळग्यात अडकत नाही. त्यांचा सर्वोत्तम पत्रा तीनच गुणांवर उभा होता आणि त्याची अचूकता ९७.५ टक्के अंदाजली गेली. गंमत म्हणजे त्या तिघांत दबके नाहीत! एकेकटे गुण तपासले तर दबक्यांची संख्या अगदी पुढच्या रांगेत असते, पण पत्रा निवडताना इतर गुणांनीच ते काम उरकलं.

वाटीसारख्या आलेखालाही दोऱ्याचीच कसोटी लागते. आलेखावरच्या दोन बिंदूंत दोरा ताणला की आलेख दोऱ्याच्या खाली झोळीसारखा लोंबतो, अशा आलेखालाही बहिर्वक्रच म्हणतात. याचा परिणाम भाकरीवर पाहू. ८ इंची दोन भाकरी घ्यायच्या, की एक ६ इंची आणि एक १० इंची? जाडी सारखी धरा. व्यासाची सरासरी दोन्हीकडे ८ इंचच. पण भाकरी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या जोडीत ६४ अधिक ६४, म्हणजे १२८. दुसरीत ३६ अधिक १००, म्हणजे १३६. सरासरी तीच, तरी पोटात सहा टक्के जास्त. बहिर्वक्र आलेखावर चढउतार फायद्याचे ठरतात, हे सर्वसाधारण रूपात १९०६ मध्ये मांडलं योहान येन्सेन यांनी. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते, गणित फावल्या वेळात.

भाकरीचा हा हिशेब अतिदक्षता विभागात पोचला. निरोगी माणसाचे दोन श्वास कधी सारखे नसतात, पण व्हेंटिलेटर एकाच मापाचा श्वास घड्याळासारखा देत राहतो. आजाराने ताठरलेल्या फुप्फुसात कितीतरी वायुकोश मिटून बसलेले असतात. नवा फुगा फुगवताना पहिल्या दोन-तीन फुंकरी वाया जातात तसंच तिथेही सुरुवातीचा दाब फारशी हवा आत नेत नाही, मग एकदम जाऊ लागते. दाब आणि हवा यांच्या आलेखाचा हा खालचा भाग झोळीसारखा. कॅनडातल्या मॅनिटोबाचे भूलतज्ज्ञ मच आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये येन्सेन यांचं नाव घेऊनच हा मुद्दा मांडला: दाबाची सरासरी तीच ठेवून एक श्वास थोडा मोठा, एक थोडा लहान दिला, तर या भागात सरासरी हवा जास्त जाते. मोठ्या श्वासाने जे मिळतं ते लहान श्वासाने गमावलेल्यापेक्षा जास्त असतं.

पण फुप्फुसाचा आलेख वर जाऊन पुन्हा आडवा होतो. तिथे दोरा ताणला तर तो आलेखाच्या खाली येतो आणि भाकरीचा हिशेब उलटतो: चढउतार केले तर सरासरी हवा कमी जाते, आणि वर प्रत्येक मोठा श्वास आधीच ताणलेल्या वायुकोशांना आणखी ताणतो. त्यामुळे यंत्राची कळ फिरवण्याआधी समोरचा रुग्ण त्या वक्ररेषेवर नेमका कुठे आहे हे कळावं लागतं, आणि संध्याकाळी खालच्या भागात असलेला रुग्ण पहाटेपर्यंत तिथेच असेल असं नाही.