झिपलाइन निवडताना आधी झोळ बघा

इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात, सेंट मेरी चर्चच्या भिंतीवर, रॉबर्ट कॅडमन नावाच्या माणसाची स्मृतिशिला आहे. हा गडी चर्चच्या मनोऱ्यापासून थेट सेव्हर्न नदीपलीकडे दोर बांधायचा, छातीला खाच पाडलेली लाकडी फळी लावायचा आणि दोरावरून सरसर घसरत खाली यायचा. उंच टोकाकडून खालच्या टोकाकडे बांधलेला दोर आणि त्यावरून घसरणारा माणूस, झिपलाइन म्हणजे तरी दुसरं काय! असंच एकदा घसरताना दोर तुटला आणि तो गेला. शिलेवर साल आहे १७३९, वय २८. त्याचं ना कसब कमी पडलं ना धैर्य, दोर फार ताणून बांधला गेला होता, असं शिलेवरच्या ओळी सांगतात. त्या लिहिणाऱ्याला यंत्रशास्त्र कितपत ठाऊक होतं कोण जाणे, पण दोष त्याने अचूक ओळखला.

ताणून बांधलेला दोर जास्त भक्कम, असं आपल्याला उगीचच वाटत असतं. कपडे वाळत घालायची दोरी एकदा चांगली ताठ बांधून बघा आणि मधोमध ओली चादर टाका. थोड्या वेळाने एखादा खिळा भिंतीतून बाहेर आलेला दिसेल. तीच दोरी जरा सैल सोडली, तर ती दहा चादरी पेलते. कारण साधं आहे. लटकलेल्या वजनाला हवा असतो वर खेचणारा आधार, आणि दोर तर असतो जवळजवळ आडवा. त्याच्या ताणातला अगदी थोडा भाग वर खेचायच्या कामी येतो, बाकी सगळा दोन्ही टोकांच्या खांबांना एकमेकांकडे ओढण्यात जातो. दोर जितका आडवा, तितकी ही उधळपट्टी जास्त.

आकड्यांत बघू. दोन टोकांत ३०० मीटर अंतर आहे आणि मध्यावर ८० किलोचा माणूस लटकलाय. दोर तिथे १५ मीटर खाली येत असेल, म्हणजे त्याचा झोळ १५ मीटर असेल, तर त्या माणसामुळे दोरात येणारा ताण साधारण ४०० किलो वजनाइतका असतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या पाचपट. दोर आवळून हाच झोळ ६ मीटरवर आणला, तर ताण साडेबारापट होतो, हजार किलोवर जातो. आणि झोळ अजिबात नको म्हणाल तर लागणारा ताण अनंत, म्हणजे तसा दोर जगात कुणीच बांधू शकत नाही. अर्धा इंच जाडीचा चांगला पोलादी दोर तुटायला दहा टनांच्या आसपास ताण लागतो, त्यामुळे हजार किलोने तो लगेच तुटेल असं नाही. पण दोराचं स्वतःचं वजन, वारा, ब्रेक लागताना बसणारे झटके आणि वर्षानुवर्षांची झीज यांच्यासाठी मधलं अंतर राखून ठेवायचं असतं. तेव्हा डोंगराळ पर्यटनस्थळी दोन-तीन झिपलाइनवाले शेजारी-शेजारी असतील, आणि त्यातल्या एकाचा दोर 'लोंबकळतोय' म्हणून तुम्ही नाक मुरडत असाल, तर जरा थांबा.

झोळाचा दुसरा गुण मला जास्त आवडतो. पोलादी दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे त्याची लांबी जवळपास ठरलेली. माणूस त्यावरून सरकतो तेव्हा दोर त्याच्यापाशी कोन करून वाकतो. मागच्या खांबापासूनचं अंतर आणि पुढच्या खांबापर्यंतचं अंतर यांची बेरीज कुठेही मोजा, जवळपास तेवढीच. शाळेत दोन टाचण्या, दोऱ्याचं वेटोळं आणि पेन्सिल घेऊन आपण जी आकृती काढायचो, तीच ही. लंबवर्तुळ! दुरून बघणाऱ्याला वाटतं की माणूस तिरक्या सरळ रेषेत चाललाय. प्रत्यक्षात तो एका अजस्र, चपट्या लंबवर्तुळाच्या तळावरून घसरत असतो, आणि दोन्ही टोकं त्या लंबवर्तुळाच्या नाभी असतात.

याचा अर्थ असा, की वाटेतली सगळ्यात खोल जागा बहुतेक वेळा उतरण्याच्या प्लॅटफॉर्मच्याही खाली असते. तिथे वेग सर्वाधिक, आणि तिथून पुढे चढ. हा चढ म्हणजे फुकटचा ब्रेक. निष्णात बांधणारा झोळ असा बेतून देतो की माणूस प्लॅटफॉर्मपाशी पोचेपर्यंत त्याचा बहुतेक वेग त्या चढानेच खाल्लेला असतो.

आता वेगाकडे वळू, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरांत असतो. २० मीटर खाली उतरलं की वेग जास्तीत जास्त ताशी ७१ किलोमीटर होऊ शकतो. दोर लांब की आखूड, याने ही कमाल बदलत नाही, फक्त उंचीतला फरक मोजायचा. प्रत्यक्षात वेग याहून बराच कमी असतो, कारण ट्रॉलीच्या, म्हणजे दोरावर धावणाऱ्या चाकांच्या, बेअरिंगमधलं घर्षण थोडं आणि हवेचा विरोध पुष्कळ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणूनच संयुक्त अरब अमिरातीतल्या जेबेल जैस डोंगरावर, २०१८ साली सुरू झालेल्या २.८ किलोमीटरच्या झिपलाइनवर माणसाला बसवत नाहीत, पालथं झोपवून सोडतात. समोरून येणाऱ्या हवेला अंग जितकं कमी दाखवाल तितकं लांब जाल.

इथेच वजनाचा प्रश्न येतो. जड आणि हलकी वस्तू एकाच वेगाने पडते, हे शाळेत घोकलेलं इथे विसरा, ते निर्वात जागेसाठी होतं. ४५ किलोच्या मुलीपेक्षा ९० किलोच्या बापाचं वजन दुप्पट असतं, पण हवेला अडवणारं अंग काही दुप्पट नसतं. शिवाय जड माणूस दोर जास्त खाली दाबतो, म्हणून सुरुवातीचा उतारही त्याला जास्त मिळतो. परिणाम असा की एकाच दोरावर बाप वेगात येऊन ब्रेकवर आदळतो, आणि मुलगी चढावर वेग संपून थांबते, उलटी घरंगळत खोल जागी जाऊन लोंबकळते. मग गाइडला दोरावर हाताने सरकत जाऊन तिला आणावं लागतं. त्यात जीवाला धोका सहसा नसतो. मात्र हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, हालचाल न करता बराच वेळ लटकणं शरीराला चांगलं नाही, पायात रक्त साचतं. म्हणून सुटका किती मिनिटांत होते हा प्रश्न फालतू नाही.

वजनाची कमाल मर्यादा सगळेच सांगतात. किमान मर्यादा कोण सांगतो ते बघा. आणि काउंटरवर खरोखरीचा वजनकाटा आहे का, की 'साधारण किती असेल तुमचं?' यावर भागवलं जातं? वजनकाट्यावर उभं राहायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण ज्याने वजन विचारलं नाही त्याला तुमचा वेगही माहीत नाही.

थांबणं हा झिपलाइनचा खरा कस. समजा तुम्ही ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने पोचलात. पाच मीटरांत हळूहळू थांबवलं, तर शरीराला साधारण स्वतःच्या वजनाइतका जोर जाणवतो. एका मीटरमध्ये थांबवलं तर पाचपट, आणि पाव मीटरमध्ये, म्हणजे जवळजवळ भिंतीवरच, वीसपट. वेग तोच, माणूस तोच, थांबायला दिलेली जागा तेवढी वेगळी. प्लॅटफॉर्मच्या अलीकडे ब्रेकसाठी किती लांबी सोडली आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

ब्रेकचे प्रकार बरेच आहेत. सगळ्यात जुना म्हणजे चामड्याचा हातमोजा. ट्रॉलीच्या मागे, कधीही पुढे नाही, दोरावर तळवा दाबायचा आणि घर्षणाने वेग कमी करायचा. अशा ठिकाणचा एखादा वापरलेला मोजा हातात घेऊन बघा. तळव्यावर चामड्याचा दुहेरी तुकडा शिवलेला असतो आणि त्यावर मधोमध एक काळा, गुळगुळीत, आरशासारखा चकाकणारा पट्टा पडलेला असतो. आधी येऊन गेलेल्यांची गतिज ऊर्जा तिथे उष्णता होऊन गेली, त्याची ही खूण. पद्धत वाईट नाही, पण तिचा सगळा भार पहिल्यांदाच आलेल्या, घाबरलेल्या पाहुण्यावर पडतो. लवकर दाबलं तर मध्येच अडकतो, उशिरा दाबलं तर आदळतो, आणि दोर ओला असेल तर दाबूनही वेग हवा तसा कमी होत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी हातमोज्यावर चालणारी टूर घेणार नाही.

दुसरीकडे स्प्रिंगची लांब रांग असते, रबरी दोर असतात, आणि अलीकडे चुंबकी ब्रेकही आलेत. तांब्याच्या नळीत चुंबक सोडला की तो रमतगमत खाली येतो, हा प्रयोग काहींनी पाहिला असेल. चुंबक आणि धातू एकमेकांजवळून वेगाने गेले की धातूत भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात, आणि ते त्याच गतीला विरोध करतात. हाइनरिख लेंझने हा नियम १८३४ मध्ये मांडला. झिपलाइनच्या दृष्टीने यातली गंमत अशी की वेग जास्त तर विरोधही जास्त. म्हणजे बापाला जोरात आणि मुलीला हळुवार, हे कुणी न सांगता होतं. घासणारा भाग नाही, वीज लागत नाही. एकच उणीव, वेग शून्य झाला की ब्रेकही शून्य, त्यामुळे माणसाला जागेवर धरून ठेवायला दुसरी सोय लागते.

पण ब्रेक कुठलाही असो, तो निकामी झाला तर काय, याचं उत्तर पाहिजे. पहिल्यापासून पूर्ण स्वतंत्र असा दुसरा ब्रेक हवा, आणि तो पाहुण्याने काहीही न करता लागला पाहिजे. बुकिंग करताना एवढा एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी हाच विचारीन. नीट चालवणारा माणूस खूश होऊन पाच मिनिटं समजावत बसतो. 'काही होत नाही हो' हे उत्तर मिळालं तर पुढच्या काउंटरवर जावं.

डोंगरात आणखी काही गोष्टी यात लुडबुड करतात. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवा सुमारे एक पंचमांश विरळ असते, म्हणजे विरोधही तितका कमी. थंडीत पोलाद आकसतं. ३०० मीटरचा दोर २० अंशांच्या फरकाने जेमतेम ७ सेंटीमीटर आखूड होतो, पण तेवढ्याने मधला झोळ ३० सेंटीमीटरच्या आसपास वर येतो. गारठ्यातल्या सकाळचा आणि तापल्या दुपारचा दोर हा अगदी तोच दोर नसतो. वारा तर दिवसातून दिशा बदलतो. उन्हं चढली की उतार तापतात आणि हवा दरीतून वर वाहू लागते, रात्री थंड हवा खाली ओघळते. समोरून आलेल्या वाऱ्याने हलका माणूस मध्येच थांबतो, पाठीमागून आला तर ब्रेकवर जास्त वेगाने पोचतो.

वर चढणारी तीच दमट हवा दुपारनंतर गडगडाटी ढग होते. उंचावर ताणलेल्या पोलादी दोराला लटकून विजेची वाट बघण्यात अर्थ नाही. गडगडाट ऐकू आला की टूर थांबवायची आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास पुन्हा सुरू करायची नाही, हा सर्वमान्य नियम आहे. म्हणून सकाळची वेळ घ्यावी. आणि हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हेही विचारावं. पैसे परत न करणाऱ्याला टूर रेटून न्यायचा मोह जास्त.

झाडावर बांधलेले प्लॅटफॉर्म दिसायला सुंदर असतात. झाडात पाच मीटरवर ठोकलेला बोल्ट पन्नास वर्षांनीही पाच मीटरवरच राहतो, कारण झाड उंचीने वाढतं ते शेंड्याकडून. खोड मात्र जाडीने वाढतं, आणि वाढणारा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो. खोडाला तार घट्ट गुंडाळली तर ती काही वर्षांत हा थर आवळते आणि झाडाचा गळा घोटते. त्यापेक्षा आरपार बोल्ट बरा. जखम दिसते, पण झाड तिच्याभोवती आतून भिंत उभी करतं. तेव्हा तार सालीत रुतलेली दिसली, तर झाडाकडे बरेच दिवस कुणी बघितलेलं नाही असं समजा.

दोराची तपासणी पाहायला मिळाली तर जरूर पाहा. तपासणारा माणूस सुती फडकं दोराभोवती धरून हळूहळू ओढत जातो. एखादा बारीक तंतू तुटून वर आला असेल तर फडक्याचा धागा अडकतो आणि तो तिथेच थांबतो. अशी तपासणी रोज होते का, तिची वही आहे का, आणि वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस येतो का? युरोपात यासाठी ईएन १५५६७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ २९५९ अशी मानकं आहेत, त्यांचा उल्लेख करणारा निदान त्या भाषेत बोलतो.

दोर तुटण्याची भीती सगळ्यांना असते, पण आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. अमेरिकेत १९९७ ते २०१२ या काळात झिपलाइनमुळे जखमी होऊन आपत्कालीन विभागात गेलेल्यांचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १६,८५० जण, त्यात घरच्या अंगणात बांधलेल्या झिपलाइनही आल्या. तीन चतुर्थांशांहून अधिक जण खाली पडलेले, आणि सुमारे १३ टक्के झाडाला, खांबाला किंवा दुसऱ्या माणसाला धडकलेले. धडक टाळायची तर दोन्ही टोकांना गाइड हवा आणि दोघांत ठरलेला इशारा हवा. प्लॅटफॉर्मवर पडणं टाळायचं तर एक हूक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला हवा, प्रत्येक वेळी, विसाव्या पाहुण्यालाही.

पैसे भरण्याआधी उतरण्याच्या प्लॅटफॉर्मजवळ दहा मिनिटं उभं राहा. जाड, बारीक, लहान, मोठी अशी सात-आठ माणसं तरी येताना दिसतील. ती सगळी एकाच टप्प्यात अलगद थांबतात, की कुणी अर्ध्यात राहतं आणि कुणाला गाइड दोन्ही हातांनी अडवतो? आलेल्याला सोडवून, ट्रॉली बाजूला घेऊन, मगच वॉकीटॉकी तोंडाशी जातो का? आणि पलीकडचा, तो शब्द कानावर पडेपर्यंत, पुढच्याच्या हार्नेसवरचा हात काढत नाही ना?