कुत्र्याचे शिक्षण, घरच्यांचा वर्ग

कुत्र्याला वळण लावण्याच्या ऑनलाइन वर्गात नाव कुत्र्याचे घातले जात असले, तरी शिकायचे असते ते घरातल्या माणसांना. पडद्यावरून प्रशिक्षकाने दिलेली आज्ञा कुत्रा सहसा मानत नाही आणि त्याला कारण आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्रत्यक्ष माणसाच्या तोंडून आलेली आज्ञा नीट पाळणाऱ्या कुत्र्यांना तीच आज्ञा ध्वनिमुद्रित करून ऐकवली, तेव्हा त्यांचा प्रतिसाद घसरला. कुत्रा नुसता शब्द ऐकत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा, नजर, खांद्यांचा कल आणि हाताची लहानशी हालचालही तो त्याच वेळी टिपत असतो. म्हणूनच गोव्यातील वाळपई, सांगे किंवा पेडणे भागातील एखाद्या कुटुंबाने पणजीला खेपा घालण्याऐवजी घरूनच वर्ग केला, तर ते काही कमी दर्जाचे शिकत आहेत असे मी मानत नाही. कुत्रा दिवसभर ज्यांच्याकडे पाहत असतो, त्यांनाच प्रशिक्षक इथे थेट शिकवू शकतो.

या शिकवणीचा गाभा वेळेत आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि ज्या कृतीनंतर प्राण्याला समाधान मिळते ती कृती तो पुन्हा करतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले. ‘नंतर’ म्हणजे नेमके किती वेळाने, हा प्रश्न मात्र घरोघरी दुर्लक्षित राहतो. आईने ‘बस’ म्हटले, कुत्र्याचा मागचा भाग जमिनीला टेकला आणि मुलगा खाऊच्या डब्याचे झाकण उघडू लागला. घट्ट झाकण निघेपर्यंत कुत्रा उठून डब्याजवळ आला आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याला उभे असतानाच मिळाला. घरच्यांच्या मते हे बसण्याचे बक्षीस होते. कुत्र्याच्या मेंदूने मात्र उठून डब्याकडे जाण्याची नोंद केली. असे दहा-बारा वेळा घडले की ‘आमचा कुत्रा हट्टी आहे’ असे म्हटले जाते. तो हट्टी नसतो. त्याला जे शिकवले गेले, तेच तो करत असतो.

यावर उपाय म्हणून प्रशिक्षक एक खुणेचा आवाज वापरतात, क्लिकर म्हणजे दाबताच ‘टिक’ आवाज करणाऱ्या छोट्या साधनाची टिकटिक किंवा ‘छान’सारखा एखादा ठरलेला छोटा शब्द. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूवर केलेल्या संशोधनात असे दिसले, की डोपामीन हे बक्षिसाशी निगडित रसायन स्रवणाऱ्या पेशी सुरुवातीला अनपेक्षित बक्षीस मिळताच उत्तेजित होतात. पण बक्षिसाआधी येणारी खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. खुणेचा आवाज योग्य क्षणी आला, तर खाऊ पुढच्या एक-दोन सेकंदांत पोहोचला तरी चालते, कारण नेमके कशाबद्दल तो मिळाला हे आधीच सांगून झालेले असते. मात्र ही खूण पडद्यापलीकडच्या प्रशिक्षकाने देऊ नये. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि पावसाळ्यात जोडणी डळमळीत झाली की हा उशीर आणखी वाढतो. त्यापेक्षा सरावाचा छोटा व्हिडिओ चित्रित करून पाठवणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तो संथ गतीने पाहिला, की तोंडातून शब्द निघण्याआधीच आपला हात खिशाकडे जातो आणि कुत्रा शब्दाऐवजी त्या हातावरच बसायला शिकला आहे, हे सहज उघड होते.

घरच्या घरी शिकवण्याचा दुसरा मोठा लाभ जागेचा आहे. कुत्र्याला एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू करता येत नाही. मैदानावर शहाण्यासारखा बसणारा कुत्रा अंगणात आला की सारे विसरल्यासारखा वागतो. गोव्यातल्या घरी खरी परीक्षा सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, येतो तेव्हा असते. सायकलच्या हॉर्नचा आवाज, मग पावाचा वास, मग दार उघडण्याची लगबग हा क्रम रोज तसाच घडत असल्याने हॉर्न वाजताच कुत्रा उसळतो. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेच्या प्रयोगांतून दाखवलेले साहचर्य, म्हणजे खूण आणि खाऊ यांची मनात बसणारी जोड, ते हेच. हॉर्न दूरवर असतानाच कुत्र्याला बलकांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) त्याच्या चटईवर बोलावून खाऊ देत राहिले, तर काही आठवड्यांत तोच हॉर्न चटईकडे जाण्याची खूण बनू शकतो. असा धडा बाहेरच्या वर्गात देता येणार नाही, कारण तिथे पोदेर येत नाही.

कुटुंबातील सर्वांनी एकाच रीतीने वागणे ही सर्वांत अवघड बाब. आई-बाबा जेवताना कुत्र्याला काही देत नाहीत, पण आजी अधूनमधून माशाचा तुकडा टेबलाखाली सरकवते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या संशोधनानुसार, कधीतरीच बक्षीस मिळणारी सवय दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीपेक्षा अधिक चिवट होते. त्यामुळे आजीला दोष न देता वर्गात सामील करून घ्यावे आणि तिच्या मायेसाठी चटईवरच्या खाऊची वेळ राखून ठेवावी.

सराव भरपूर हवा, हा समजही तपासून पाहावा. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४ बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवले. आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेल्या कुत्र्यांना रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रे लागली आणि लागोपाठ तीन सत्रांपेक्षा एकच छोटे सत्र सरस ठरले. गोव्याच्या दमट उन्हाळ्यात तर सत्र छोटे आणि सकाळीच हवे, कारण धापा टाकून शरीर थंड करणाऱ्या प्राण्याला दमट हवेत ते नीट साधत नाही.

मारणे, ओरडणे, पट्ट्याला हिसका देणे यांबाबतही पुरावा स्पष्ट आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ पाळीव कुत्र्यांची तुलना केली. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत तणावाची लक्षणे अधिक आढळली आणि सरावानंतर लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही अधिक वाढले. शिवाय, खाऊ नेहमी असण्याच्या आणि कधीच नसण्याच्या जागांच्या मधोमध वाडगा ठेवला, तेव्हा सर्वाधिक शिक्षा मिळालेली कुत्री त्याच्याकडे सावकाश गेली, म्हणजे काही चांगले मिळेल अशी त्यांची अपेक्षाच कमी झाली होती. ज्या वर्गात पहिल्याच धड्यात हिसका शिकवला जातो, तो सोडून द्यावा.

चवथीचे (गणेशचतुर्थीचे) फटाके आणि दिवाळीतील नरकासुराच्या रात्रीचा दणदणाट यांची तयारी काही आठवडे आधी सुरू करावी. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून खाऊ द्यावा आणि कुत्रा निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवावा. त्याने खाणे थांबवले, ओठ चाटले किंवा कान मागे पाडले, तर आवाज कमी करावा. मोबाइलच्या स्पीकरमधून स्फोटाचा खालचा, छातीत घुमणारा आवाज येतच नाही, म्हणून मोठा स्पीकर जोडावा.

चावरेपणा किंवा अचानक बदललेले वागणे मात्र पडद्यावर सोपवू नये, कारण त्यामागे अनेकदा दुखणे असते आणि ते पशुवैद्यालाच हात लावून तपासावे लागते. कुत्रा चावलाच, तर गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे यावर विसंबू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. प्रशिक्षकाला काय घडले ते नंतर कळवता येते.