दहा नॅनोसेकंदांपाशी अडलेला वेग

२०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्सचे भाव जगभर भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी कारखान्यांचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतले, घरगुती संगणकांना लागणाऱ्या रॅमचा, म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीचा, पुरवठा आटला आणि त्याची झळ पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपर्यंत पोहोचली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा तिथल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारून थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, नवी रॅम आता परवडत नाही. आहे तीच ओव्हरक्लॉक केली तर? तू पूर्वी हे करायचास ना?" ओव्हरक्लॉक करणे म्हणजे चिपला ठरवून दिलेल्या वेगाहून जलद पळवणे. मी ते करत असे आणि मोठ्या हौसेने करत असे. तरीही त्याला एका शब्दात उत्तर देता येईना, कारण मेमरीचा 'वेग' या शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, सेकंदाला वाहणारी माहिती आणि तिचा पहिला थेंब येईपर्यंतची वाट, आणि ओव्हरक्लॉकिंगने त्यांतली पहिलीच सहजपणे सुधारते.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रॅमच्या खोक्यावर '३६००' (सेकंदाला इतके दशलक्ष वेळा माहिती पाठवण्याचा वेग) असे छापलेले असले, तरी ती पट्टी, म्हणजे स्टिक, मदरबोर्डात बसवल्याबरोबर त्या वेगाने धावू लागत नाही. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने आखून दिलेल्या २१३३, २४०० किंवा २६६६ अशा एखाद्या सावध वेगानेच ती बहुधा सुरू होते. छापलेला वेग हवा असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन एक्सएमपी ही सोय चालू करावी लागते. इंटेलने ती २००७ साली आणली. एएमडीने डीडीआर-५ या रॅमच्या नव्या पिढीसाठी (डीडीआर-४ ही त्याआधीची) तशीच एक्स्पो नावाची सोय २०२२ साली दिली. स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये उत्पादकाने तपासलेले आकडे लिहून ठेवलेले असतात, ते वाचून बायोस त्याप्रमाणे मांडणी करतो. तांत्रिकदृष्ट्या हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, परंतु ज्या वेगाचे पैसे आपण मोजले तो वेग पदरात पाडून घेण्यापलीकडे त्यात काही नाही. पाच मिनिटांचे हे काम अनेक घरांत वर्षानुवर्षे राहून गेलेले मी पाहिले आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: उत्पादकाच्या आकड्यांवर न थांबता एकेक आकडा हाताने घासून आणखी वेग काढावा का?

त्याचे उत्तर मेमरीच्या एका कप्प्यात दडलेले आहे. तो कप्पा मला विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या यंत्रांपैकी एक वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. एक बिट (० किंवा १) साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारे एक धारित्र (कपॅसिटर) एवढेच पुरते, ही कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. आज तुमच्या संगणकात असे अब्जावधी कप्पे आहेत. धारित्रात विद्युतभार असला तर एक अवस्था, नसला तर दुसरी. ट्रान्झिस्टर हे त्याचे दार. हे धारित्र इतके लहान असते, की त्याची क्षमता १० फेम्टोफॅरड धरली तर १.१ व्होल्टला त्यात जेमतेम ७० हजार इलेक्ट्रॉन मावतात.

आता हा भार वाचायचा कसा? शेकडो कप्पे एकाच बारीक तारेवर टांगलेले असतात आणि त्या तारेची स्वतःची धारिता एका कप्प्याच्या कित्येक पट असते. म्हणून वाचण्याआधी तार बरोबर अर्ध्या व्होल्टतेवर आणून मोकळी सोडतात आणि मग एका कप्प्याचे दार उघडतात. कप्पा भरलेला असेल तर तारेची पातळी किंचित वर सरकते, रिकामा असेल तर किंचित खाली. हा फरक व्होल्टच्या दशांशाच्या आसपासचा असतो. तो ओळखण्यासाठी ही तार आणि तुलनेसाठी अर्ध्याच पातळीवर ठेवलेली तिची जोडीदार तार यांच्या टोकाला एक प्रवर्धक (अँप्लिफायर) बसवलेला असतो. त्यात दोन उलटकारक (वरचे खाली आणि खालचे वर करणारी) मंडले एकमेकांसमोर अशी जोडलेली असतात, की पहिल्याचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होते आणि दुसऱ्याचे पहिल्याचे. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाचा जुना काटा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही पारडी समतोल असताना एका बाजूला गुंजभर वजन पडले, की काटा तिकडे झुकतो. इथे मात्र झुकलेला काटा स्वतःच स्वतःला आणखी झुकवत नेतो, आणि अखेर एक तार पूर्ण वर व तिची जोडीदार पूर्ण खाली जाऊन थांबते. वाचताना कप्प्यातला भार तारेत सांडून गेलेला असतो, पण पूर्ण झुकलेली तार तोच भार कप्प्यात परत भरते. या मेमरीत वाचणे म्हणजे पुसणे आणि पुन्हा लिहिणे, आणि हे एका वेळी एका कप्प्यापुरते होत नाही: डीडीआर-४ च्या नेहमीच्या चिपमध्ये एक ओळ, म्हणजे एकदम दारे उघडणाऱ्या कप्प्यांची रांग, उघडली, की ८,१९२ काटे एकदम झुकतात.

या झुकण्याला वेळ लागतो. तो तारेची लांबी, रोध, धारिता आणि ट्रान्झिस्टरची ताकद यांवर ठरतो, बाहेरून दिलेल्या घड्याळाच्या ठोक्यांवर नाही. ठोके जलद केले तर तेवढ्याच वेळात ते अधिक मोजावे लागतात, एवढेच. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची मेमरी घ्या. ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जाते, त्यामुळे तिचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचे असते आणि एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. खोक्यावर 'सीएल १६' लिहिले असेल, तर ओळ उघडी असताना मागणी केल्यापासून पहिला आकडा हाती येईपर्यंत १६ ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद जातात. डीडीआर-५ ची ६००० वेगाची, सीएल ३० ची स्टिक घेतली तर ३० ठोके होतात, पण प्रत्येक ठोका एक-तृतीयांश नॅनोसेकंदाचा. उत्तर पुन्हा १० नॅनोसेकंद. २००३ च्या आसपास हौशी मंडळी डीडीआर-४०० ची सीएल २ असलेली स्टिक शोधत असत. तिचे दोन ठोके ५-५ नॅनोसेकंदांचे, म्हणजे तिथेही १०. या वीसेक वर्षांत एका चॅनेलमधून (प्रोसेसर आणि रॅम यांमधल्या एका रस्त्यावरून) सेकंदाला वाहणारी माहिती ३.२ गिगाबाइटवरून ४८ गिगाबाइटवर गेली, पंधरा पट झाली, आणि पहिल्या थेंबाची वाट पाहणे जिथल्या तिथे राहिले.

ओळ उघडण्यासाठी आणि आधीची ओळ मिटण्यासाठी साधारण एवढाच वेळ वेगळा लागतो. मानकाप्रमाणे चालणाऱ्या ३२०० च्या मेमरीत हे तिन्ही टप्पे प्रत्येकी २२ ठोक्यांचे, मिळून ४१.२५ नॅनोसेकंद, चांगल्या स्टिकमध्ये ते १६, १८ आणि १८ ठोक्यांवर येतात, म्हणजे ३२.५ नॅनोसेकंद. वाचलेले पावणेनऊ नॅनोसेकंद एक्सएमपी चालू केल्याबरोबर मिळतात. त्यानंतर हाताने घासून एखादा ठोका कमी केला, तर त्या टप्प्यात अर्ध्या नॅनोसेकंदाहून जरा जास्त सुटते. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतची पूर्ण खेप ७० ते ९० नॅनोसेकंदांची असते, कारण मेमरी नियंत्रक आणि चिपमधले अंतर्गत रस्ते यांचाही त्यात वाटा असतो.

शिवाय प्रोसेसर ही खेप शक्य तितकी टाळतो. त्याच्या पोटातच कॅशे नावाची छोटी, जलद मेमरी असते. तिचा पहिला स्तर साधारण एका नॅनोसेकंदात उत्तर देतो. नेहमीच्या कामांत बहुतेक मागण्या तिथेच भागतात. समजा, तुमच्या कामाच्या वेळेपैकी एक-पंचमांश वेळ प्रोसेसर रॅमची वाट पाहत बसतो आणि तुम्ही खटपट करून रॅम १० टक्क्यांनी जलद केली. मग एकूण वेळ १०० वरून ९८.२ वर येतो. तासाभराच्या कामात जेमतेम एक मिनिट आणि पाच सेकंद वाचतात. हा हिशेब जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या नियमाचाच आहे. पत्र लिहिणे, ब्राउझर, हिशेबाची पाने अशा कामांत तो एक-पंचमांश वाटाही नसतो. उलट ज्यांच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर जगते आणि तिथे वाढलेला प्रवाह खेळताना डोळ्यांना दिसतो. द्रवांच्या प्रवाहाचे किंवा हवामानाचे गणित करणारे, प्रचंड सारण्या चाळणारे प्रोग्रामही त्याचा फायदा घेतात.

आता किमतीची बाजू पाहू, आणि ती पुण्याच्या हवेशी जोडलेली आहे. धारित्रातला भार गळत राहतो, म्हणून डीडीआर-४ मध्ये प्रत्येक कप्पा ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. हे काम ८,१९२ हप्त्यांत होते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक हप्ता. ८ गिगाबिटच्या चिपला त्यासाठी दर वेळी ३५० नॅनोसेकंद काम थांबवावे लागते. एकूण वेळेपैकी साडेचार टक्के वेळ असा जातो. हौशी माणसाला तो खुपतो, आणि बरेच मदरबोर्ड दोन हप्त्यांमधले अंतर ६५,५३५ ठोक्यांपर्यंत ताणू देतात. ३६०० च्या मेमरीत ते ३६ मायक्रोसेकंद होतात आणि एका कप्प्याची पाळी ०.३ सेकंदाने येते. बहुतेक कप्पे हे सहन करतात. वीज काढल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद टिकते आणि चिप थंड केली तर मिनिटांपर्यंत टिकते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले आहे. अडचण मूठभर दुबळ्या कप्प्यांची असते, आणि तापमान वाढले की गळतीही वेगाने वाढते. म्हणूनच मानकात ८५ अंशांच्या वर भरण्याची गती दुप्पट करायला सांगितले आहे.

मी हे अंतर एका जानेवारीत ताणले होते. रात्री गारठा होता, पहाटेपर्यंत मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला आणि एकही चूक आली नाही. त्याच यंत्रावर मी आजोबांच्या रोजनिश्या टंकित करून ठेवत होतो. एप्रिलमध्ये, पारा ३९-४० च्या घरात असताना, एका दुपारी ती फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि पुढे कधीतरी वाचताना एका वाक्यापाशी अडखळलो. 'तो काळ कठीण होता' असे जिथे होते, तिथे 'तो गाळ कठीण होता' असे उमटले होते. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक ०९१५ आणि 'ग' चा ०९१७. दोहोंत एकाच बिटाचा फरक आहे. एक बिट उलटला आणि शब्द बदलला, आणि 'गाळ' हाही शुद्ध मराठी शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीने तो निमूटपणे सोडला. त्याच दुपारच्या वेळी पुन्हा मेमटेस्ट लावला, तेव्हा विसाव्या मिनिटाला लाल ओळ आली, अंतर ७.८ वर आणताच ती नाहीशी झाली, पुन्हा ताणताच परतली. भार असणे म्हणजे १ की ०, हे चिपमधल्या जागेनुसार बदलते, त्यामुळे गळती दोन्ही बाजूंनी चूक करू शकते. मूळ वह्या कपाटात होत्या म्हणून मी तो शब्द दुरुस्त करू शकलो. आणखी किती फाइलींत असे झाले असेल, हे मला कधीच कळणार नाही. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. ते हसतखेळत चुकीचे लिहीत राहिले.

यंत्र असे अधूनमधून बिघडू लागले, की 'साडेसाती लागली', 'नजर लागली' म्हणून संगणकावर लिंबू-मिरची बांधणारी सुशिक्षित घरे या शहरात मी पाहिली आहेत. ग्रहांनी मेमरीचा बिट उलटत नाही. तो उष्णतेने, अपुऱ्या व्होल्टतेने, घाईच्या ठोक्यांनी आणि क्वचित अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उलटतो, आणि यांतले प्रत्येक कारण तपासता येते. व्हिडिओत दिसलेले कुणाचे तरी आकडे जसेच्या तसे आपल्या बायोसमध्ये भरणे हीसुद्धा मला त्याच जातीची श्रद्धा वाटते. एकाच नावाच्या दोन स्टिकमधले दुबळे कप्पे एकसारखे नसतात. रॅमवरच्या रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही, हेही यानिमित्ताने सांगून ठेवतो.

व्होल्टता वाढवण्याबद्दल थोडक्यात. डीडीआर-४ चे मानक १.२ व्होल्टचे आहे आणि एक्सएमपी ते बहुधा १.३५ वर नेते. ऊर्जा व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तेवढ्यानेच २७ टक्के वाढ होते. त्याच्याही वर जाणारा माणूस चिपमध्ये उष्णता ओततो, आणि उष्णतेने गळती वाढते.

भाच्याचे यंत्र उघडून पाहिले, तेव्हा उत्तर त्याच्या प्रश्नाहून सोपे निघाले. त्यात ३२०० ची ८ गिगाबाइटची एकच स्टिक होती, ती २६६६ वर चालत होती, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमधलेच होते. एक स्टिक म्हणजे एकच चॅनेल. ३२०० वर चालली तरी सेकंदाला २५.६ गिगाबाइट. तशीच दुसरी स्टिक योग्य खाचेत बसवली तर ५१.२. तीच एकटी स्टिक हाताने ३६०० पर्यंत ओढली असती, तरी २८.८ च्या पुढे गेली नसती. त्याने कॉलेजातल्या एका सीनियरकडून त्याच बनावटीची जुनी स्टिक घेतली, आम्ही दोन्ही बसवल्या, एक्सएमपी चालू केले आणि बाकी एकाही आकड्याला हात लावला नाही. मग दुपारी दोन वाजता खोलीतला पंखा बंद करून मेमटेस्ट लावला. चौथी फेरी संपेपर्यंत आम्ही दोघे घामाघूम झालो होतो आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते.